लाल गोळीमागची बाई

आमच्या शेंदूरजनाघाटात बऱ्याच घरी दोन वस्तू हमखास सापडतात. एक म्हणजे संत्र्याच्या कलमांचा हिशेब लिहिलेली वही. आणि दुसरी, फडताळात तांदळाच्या डब्यामागे सरकवून ठेवलेली लाल गोळ्यांची अर्धवट स्ट्रिप. उपकेंद्रातून नाहीतर आशाताईंकडून फुकट मिळालेली. एका घरी तर त्या गोळ्या गुलाबाच्या कुंडीत पुरलेल्या मी स्वतः पाहिल्या. गुलाब मस्त टवटवीत होता, घरातली सून मात्र पांढरीफटक. मी गेली कितीतरी वर्षं आमच्या मेडिकलच्या काउंटरवर बसते, त्यामुळे अशी गुपितं माझ्यापर्यंत आपोआप येतात.

पण मला कुणाला बोल लावायचा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं. मळमळायचं, शी काळी व्हायची, त्याची भीती वाटायची. वर सासूबाईंनी कुठूनसं ऐकलेलं, की या गोळ्या खाल्ल्या की पोटातलं बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. त्यांनी गोळी घेऊ नको असं सांगितलं नाही, नुसतं आपलं तोंड फिरवलं. मला तेवढं पुरलं. रोजची एक गोळी मी इमानेइतबारे मागच्या नालीत टाकायची. सातव्या महिन्यात माडीवर चढताना धाप लागायला लागली, पायात गोळे यायचे, जीभ सोललेली वाटायची आणि मला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची. खोटं कशाला सांगू, खाल्लीसुद्धा. नववा लागता लागता रक्त तपासलं तर साडेसहा! रातोरात जीपमधून अमरावतीला नेलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. त्यातली एक माझ्या धाकट्या दिराची. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते बोटभर लेकरू आठवलं की आजही माझ्या हातातलं काम थांबतं. पुढे ती शाळेत जायला लागल्यावर मी हट्टानं अमरावतीला जाऊन डी. फार्म. केलं, त्यामागे हेच कारण होतं.

तीच मुलगी आता दिवस गेल्यावर माहेरपणाला आली आहे. तिला मी समोर बसवून गोळी देते. परवा गोळी हातात घेऊन तिनं मला विचारलं की ही शोधून काढली कुणी. मी इतकी वर्षं या गोळ्या मोजून देते, पण मला तरी कुठे सगळं नीट सांगता येत होतं! मग जुनं वाचलेलं पुन्हा काढलं, नवं काही मिळवून वाचलं, आणि त्या बाईच्या प्रेमातच पडले. हो, बाईच. आणि तिचं मोठं काम झालं ते आपल्या मुंबईत, परळला, गिरण्यांच्या धुरात.

तिचं नाव ल्युसी विल्स. जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड गावचा. घर खाऊनपिऊन सुखी, मुलींना शिकवणारं. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली. १९११ साली परीक्षा पास झाली, पण पदवी काही मिळाली नाही. का? तर बाई म्हणून. केंब्रिज तेव्हा मुलींना वर्गात बसू द्यायचं, पेपर लिहू द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही. बायकांना तिथे पुरुषांच्या बरोबरीनं पदवी मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या त्या १८८६ मध्ये, हे आठवलं की साहेबाच्या देशाचं जरा हसू येतं.

त्याच वर्षी ल्युसीचे वडील गेले. दोन वर्षांनी बहीण गेली. घर एकदम रिकामं झालं. मग ती आई आणि भावासोबत नातेवाइकांकडे सिलोनला गेली, तिथून पुढल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेला. तिथे असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं आणि केपटाऊनला तिनं काही आठवडे नर्स म्हणून काम केलं. ती परतली तेव्हा काय करायचं ते ठरलं होतं. १९१५ मध्ये लंडनच्या बायकांसाठीच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं आणि १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ती डॉक्टर झाली. आमच्याकडे बत्तिसाव्या वर्षी बाईला लोक सांगतात, की आता काय शिकतेस, आता पोरांचं बघ.

डॉक्टर झाली, पण दवाखाना थाटला नाही. तिचा जीव प्रयोगशाळेत. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये ती गरोदर बायकांच्या रक्ताचा अभ्यास करू लागली. १९२८ साली तिला हिंदुस्थानातून बोलावणं आलं. इथे मार्गारेट बाल्फोर नावाच्या डॉक्टरीणबाई बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी करत होत्या. बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर रक्त एकदम आटून बायका दगावत होत्या आणि त्याचं कारण कुणाला सापडत नव्हतं. चाळिशीतली ही एकटी बाई बोटीत बसली आणि मुंबईला आली.

परळची हाफकिन इन्स्टिट्यूट तुम्ही ऐकली असेल. पोलिओचे डोस, सर्पदंशाचं इंजेक्शन म्हटलं की तिचं नाव यायचं. गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात १८९९ पासून प्लेगच्या लशीचं काम तिथे चालायचं. लस काढणाऱ्या हाफकिन साहेबाचं नाव तिला १९२५ मध्ये मिळालं. चारी बाजूंनी गिरण्या आणि चाळी. ल्युसी तिथे बसून गिरणीतल्या गरोदर बायकांच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

आणि इथेच तिला खटकलं. साधारणपणे शरीरात लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. या बायकांच्या पेशी उलट मोठ्या होत्या. मोठ्या पण थोड्या, आणि अर्ध्याकच्च्या. म्हणजे लोहाची कमतरता हे यांचं मुख्य दुखणं नव्हतं. दुसरंच काहीतरी कमी पडत होतं.

मग ती चाळींतून चुलीपर्यंत गेली. एस. एन. तळपदे या सहकाऱ्यासोबत तिनं मुंबईच्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या खाण्यापिण्याची आणि राहणीची पाहणी केली, १९३० साली ती छापूनही आली. कोण काय खातं, कोणाच्या ताटात भाजी पडते, दूध पडतं, फळ पडतं, कुणाला ऊन लागतं, कोण पडद्यात असतं. ज्यांचं खाणं सगळ्यात निकस त्याच बायका सगळ्यात जास्त आजारी, हे तिला दिसलं. त्यात गरीब मुसलमान बायकांची अवस्था सर्वांत वाईट. मला या पाहणीचं फार अप्रूप वाटतं. मोठमोठे डॉक्टर जंतू शोधत असताना या बाईनं ताट पाहिलं. आणि आपल्या घरात शेवटी उरलेलं कोण खातं, ते तर तुम्हाला मी सांगायला नको.

ताटात काहीतरी कमी आहे हे कळलं. पण नेमकं काय? ते शोधायला ती १९२९ मध्ये काही महिने नीलगिरीत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेली. तिथे पांढऱ्या उंदरांना गरीब बायकांसारखंच जेवण दिलं, त्यांचंही रक्त उतरलं. यीस्ट दिलं की उतरत नव्हतं. झालं, सापडलं, असं वाटलं. पण पुढे लक्षात आलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून त्यांना एक वेगळाच जंतुसंसर्ग होत होता, त्यानंही रक्त उतरत होतं. सगळ्या प्रयोगावर प्रश्नचिन्ह! एखादी रडत बसली असती. हिनं उंदीर सोडून माकडांवर काम सुरू केलं.

माकडांना मुंबईच्या गरीब बाईचं जेवण सुरू झालं. तीही अशक्त झाली. त्यातल्या अगदी मरणाच्या दारात गेलेल्या एका माकडाला तिनं मार्माइट चाटवलं. हे मार्माइट म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात ते काळं, खारट, चिकट प्रकरण. बीअर बनवताना तळाशी जे यीस्ट उरतं, त्याच्यापासून करतात. यीस्ट म्हणजे तेच हो, ज्यानं बेकरीतला पाव फुगतो. अगदी स्वस्त वस्तू. आणि ते माकड उठून बसलं.

मग तिनं बायकांना ते दिलं. चार दिवसांच्या आत भूक परत आली, रक्तात नव्या पेशी दिसायला लागल्या. ज्या बाईचं काही खरं नाही म्हणून घरच्यांनी आशा सोडलेली, ती जेवायला मागायला लागली. १९३१ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रिकेत तिचा लेख आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. पुढे मद्रासच्या गोशा हॉस्पिटलमध्येही तिनं काम केलं. तिथे पडद्यातल्या बायका यायच्या.

मार्माइटमधलं ते नेमकं काय होतं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिला एवढं कळलं होतं, की कच्च्या काढ्यासारख्या लिव्हरच्या अर्कानं हे बरं होतं, पण त्याच लिव्हरचा खूप शुद्ध केलेला अर्क दिला तर होत नाही. म्हणजे रक्त वाढवणाऱ्या वस्तू दोन वेगळ्या आहेत. शुद्ध अर्कातली ती पुढे १९४८ मध्ये सापडली, तिला आपण आज बी-१२ म्हणतो. आणि दुसरी, मार्माइटमधली, तिला डॉक्टर मंडळी बरीच वर्षं नुसतं विल्स फॅक्टर म्हणत होती. बाईचं नाव एखाद्या वस्तूला लागणं ही काय साधी गोष्ट आहे का!

१९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकाची भाजी घेतली आणि तिच्यातून एका वस्तूचा अगदी बारीकसा अंश वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं फॉलिक अ‍ॅसिड. ल्युसीच्या मार्माइटमधला गुण तो हाच. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बाईचा शोध शेवटी पानावर येऊन टेकला, याची मला गंमत वाटते.

चार टन पालक कुणी रोज शिजवणार नाही. ही वस्तू कारखान्यात बनायला हवी होती. ते काम १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत झालं आणि तिथल्या संशोधकांचा प्रमुख होता आपला तेलुगू माणूस, भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव. तो तरुणपणी अमेरिकेला गेला तो पुन्हा घरी आलाच नाही, १९४८ मध्ये तिकडेच वारला. त्याच्या बायकोनं इथे वाट पाहण्यात जन्म काढला. तिच्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. तर अशी ही गोळी. निदान झालं परळला, मात्रा इंग्रजांच्या बीअरच्या गाळातली, आणि कारखान्याची कृती एका आंध्रच्या माणसाच्या हाताखाली. आज ती दोन-चार पैशांची गोष्ट होऊन आपल्या कुंडीत पडते.

आता मुलीला मी जे समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. आपल्या हाडांच्या आत मगज असतो, तिथे रक्ताच्या तांबड्या पेशी तयार होतात. किती, तर दर सेकंदाला साधारण वीस लाख! एक पेशी चार महिने जगते, मग तिच्या जागी नवी. नवी पेशी व्हायची तर एकीच्या दोन व्हाव्या लागतात, आणि त्यासाठी आधी पेशीच्या आतल्या सगळ्या माहितीची नक्कल काढावी लागते. ही नक्कल काढायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. ते नसलं की पेशी फुगत राहते, पण तिच्या दोन होत नाहीत. परातीत पिठाचा मोठा गोळा आहे पण त्याचे उंडे पडत नाहीत, तर भाकरी किती होणार? ल्युसीला काचेवर दिसल्या त्या मोठ्या, अर्ध्याकच्च्या पेशी याच.

लोहाचं काम वेगळं. पेशी तयार झाली की तिच्या आत जो लाल रंगाचा पदार्थ असतो, हिमोग्लोबिन, तो लोहाशिवाय होत नाही. श्वासातला प्राणवायू धरून अंगभर नेणारा तोच. तो कमी झाला की जिना चढताना धाप लागते. म्हणून लाल गोळीत दोन्ही असतं, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. पहिले तीन महिने नुसती फॉलिक अ‍ॅसिडची, मग चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल, १८० दिवस. आणि बाळंतपण झाल्यावर पुन्हा १८० दिवस. ही दुसरी १८० बहुतेकींना माहीतच नसते. बाळ हाती आलं की गोळी विसरली. पेशीचं आयुष्य चार महिन्यांचं, तर पंधरा दिवस गोळी खाऊन रक्त भरणार कसं?

आमच्याकडच्या बायांना मी हे संत्र्यावरून सांगते. बागेत झाडाची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की आपले यजमान काय फवारतात? हिराकस. ते लोहच असतं. सरकारी लाल गोळीत लोह म्हणून जे घालतात ते वर्षानुवर्षं याच जातीचं, औषधासाठी शुद्ध केलेलं. झाड पिवळं पडलं तर माणूस वरूडच्या दुकानात धावत जातो. बायको पिवळी पडली तर म्हणतो, तिची तब्येतच तशी हाय. (हे सांगितल्यावर एकीनं मला फवारणीचं हिराकस किती घ्यायचं ते विचारलं होतं. तर बायांनो, ते झाडाचं झाडालाच ठेवा, तोंडात घालू नका!)

आणि आपल्याकडे तर या गोळीचं सगळ्यात चांगलं औषध फुकटात लोंबकळतंय. संत्र्यातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं, शिवाय थोडं फॉलिक अ‍ॅसिडही संत्र्यात असतंच. आंबिया असो की मृग, बहारात बाग भरलेली असते. पण चांगला माल ट्रकमध्ये जातो, आणि घरच्या बाईला काय, तर तोडणीच्या दिवशी काळा चहा. चहा लोहाला अडवतो. गोळी आणि चहात तास-दोन तासांचं अंतर ठेवावं. कॅल्शियमची पांढरी गोळीसुद्धा लाल गोळीबरोबर घेऊ नये, एक सकाळी तर एक रात्री. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. शी काळी होते, ते न जिरलेलं लोह असतं, घाबरायचं काही नाही. माझं मेलीचं हेच तर चुकलं. मला कुणी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर!

भाज्यांचंही तसंच. फॉलिक अ‍ॅसिड उकळत्या पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं की नासतं. आपण अंबाडी उकळून पाणी फेकतो, आंबटपणा घालवायला ते लागतंच. पण पालक, चिवळ, मेथी यांचं पाणी तरी फेकू नये. मूग, हरभरा, तुरीचं वरण, शेंगदाणे, यांतही ते भरपूर आहे. ओल्या बागेत अनवाणी राबणाऱ्या बायकांच्या पायांतून आकडीचे जंत अंगात जातात आणि आतून रक्त पितात. गोळ्या घेऊनही रक्त चढत नसेल तर डॉक्टरांना जंताच्या औषधाचं विचारावं. आणि पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटले तर डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका, रक्त तपासा.

याच एका जीवनसत्त्वाभोवती आणखी किती औषधं फिरतात, हे कळल्यावर मी चकित झाले होते. सल्फाच्या गोळ्या घ्या. जंतूंना आपलं फॉलिक अ‍ॅसिड स्वतः बनवावं लागतं. सल्फा त्यांचं ते बनवणं बंद पाडते. आपण ते अन्नातून घेतो, म्हणून जंतू मरतो आणि आपण वाचतो. संधिवाताच्या कितीतरी बायकांना मेथोट्रेक्सेट देतात. ते फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात मुद्दाम खोडा घालतं. त्या जातीचं पहिलं औषध सुब्बारावच्याच लोकांनी काढलं आणि १९४८ मध्ये ते रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं गेलं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, दररोज नाही. दररोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून मी त्या पाकिटावर वार लिहून देते आणि डॉक्टरांनी सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दुसऱ्या वाराला घ्यायची, तेही लिहून देते. वाचता येत नसेल त्या आजीला सोमवारच्या महादेवाची खूण सांगते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे पेशंट पुष्कळ. त्यांच्या पेशी लवकर फुटतात, मगजाला जादा काम पडतं, म्हणून त्यांना फॉलिक अ‍ॅसिड देतात. पण लोह त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक. हातापायांना मुंग्या, झिणझिण्या येत असतील तर मनानंच फॉलिक अ‍ॅसिड घेत राहू नका. ती बी-१२ ची कमतरता असू शकते. फॉलिक अ‍ॅसिडनं रक्ताचा आकडा चांगला दिसायला लागतो आणि आत नसा खराब होत राहतात. शुद्ध शाकाहारी घरांतल्या बायकांनी हे जास्त लक्षात ठेवावं. ल्युसीनं दोन वस्तू वेगळ्या आहेत असं जे सांगितलं होतं, त्याचा अर्थ असा आपल्या घरापर्यंत येतो.

ल्युसी स्वतः मग लंडनला परतली. १९३७-३८ मध्ये पुन्हा दहा आठवडे हाफकिनमध्ये येऊन गेली. या वेळी विमानानं, पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, मुक्काम करत करत कराचीपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात रॉयल फ्री हॉस्पिटलवर १९४४ मध्ये बॉम्ब पडला, माणसं मेली, तिचा विभाग काही दिवसांत पुन्हा सुरू झाला. त्या रेशनच्या काळात गरोदर बायकांना लोह दिल्यानं खरंच फरक पडतो का, हे तिनं निम्म्या बायकांना लोह आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी देऊन तपासलं. १९४७ मध्ये निवृत्त झाली, पण घरी बसली नाही. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका, जिथे जिथे गरीब बायकांचं रक्त कमी, तिथे ही. चेल्सी भागातून मजूर पक्षाची नगरसेविकाही झाली. लग्न केलं नाही. १६ एप्रिल १९६४ ला ती गेली.

तिला कुठलं मोठं पारितोषिक मिळालं नाही. लिव्हरवाल्या तीन अमेरिकन पुरुषांना १९३४ चं नोबेल मिळालं. त्यांचं कामही मोठंच होतं, तरी मला मेलं ते डाचतंच. आपल्या सरकारनं गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड द्यायचा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू केला. ते बघायला ती नव्हती. १९९१ मध्ये तर कळलं, की दिवस जायच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यातले आणि मेंदूतले जन्मजात दोष पुष्कळ टळतात. बाळाचा कणा बंद होतो तो पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे पाळी चुकली की नाही हे कळता कळता. म्हणून लेकीचं लग्न ठरलं की रुखवताच्या यादीत मी गुपचूप एक वस्तू वाढवते, आणि तिला एकटीला गाठून सांगते.

आणि तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या देशाच्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमध्ये ५७ जणींचं रक्त कमीच निघालं.

आमच्या सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या वेळचं बोलणं आम्ही कधी काढत नाही. पण मुलगी माहेरी आली तेव्हापासून रात्री जेवणं झाली की त्या ओसरीवर संत्रं सोलत बसतात, एकेक फोड बिया काढून वाटीत ठेवतात, आणि नातीनं गोळी गिळली की वाटी पुढे सरकवतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचं कामही त्यांनीच घेतलंय. परवा चष्मा नव्हता म्हणून एका दिवशी दोन फुल्या पडल्या. त्यांनी मला बोलावून हिशेब करायला लावला, की गोळी एकच गेली ना. १८० पैकी ९४ झाल्या आहेत.